दुसरी केबल
दुपारी डोंगर राख ओकू लागला आणि सगळं खोरं एकदमच मोबाइल उघडून बसलं. नदीवरच्या कॅमेऱ्यांचं चित्र लोकांना दाखवायचा तो नगरपालिकेच्या आपत्ती कार्यालयातला सर्व्हर. वरच्या गावांचे भोंगेही त्याच्याच हुकमाने वाजायचे. पण बाहेर जायला त्याला केबल होती एकच. एवढी गर्दी त्या एका वाटेने घुसल्यावर व्हायचं तेच झालं. चित्र थिजलं.

सर्व्हर सांभाळणारी यादिरा कानाला मोबाइल लावून मामाशी भांडत होती. तिबेरियोमामाचं घर वर, अगदी नदीच्या काठाला.

"मामा, निघ ना रे तिथून!"

"तुमचं ऑफिस दरवेळी उगाच पळवतं आम्हाला. नदी दाखव, मग निघतो. तुझ्या कॅमेऱ्यात तर सकाळसारखंच पाणी दिसतंय."

"मग दारातून बघ की."

"राखेत स्वतःचा हात दिसेना, नदी कुठली दिसायला!"

यादिरा साहेबांकडे वळली. "एवेलियोसाहेब, सर्व्हरला केबल खोचायचा आणखी एक पोर्ट मोकळा आहे. दुसरी केबल लावते आणि दोन्ही एकत्र बांधते. गर्दी दोन वाटांनी वाटली जाईल."

"आत्ता? मधे बंद पडेल ना सगळं?"

"थोडा वेळ."

"आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजवायचा झाला तर?"

"वायरलेसवरून चर्चच्या घंटा वाजवायला सांगा," ती एवढंच म्हणाली.

एवेलियोंनी मिशीवरची राख पुसली. "कर. चुकलीस तर दोघंही मेलो म्हणून समज."

तिने केबल खोचली, दोन्ही पोर्ट एका नावाखाली बांधले. पडद्यावरचं सगळं मावळलं. मग कॅमेऱ्यांचे आणि भोंग्यांचे काही दिवे परत आले, काही आलेच नाहीत. फोन खणखणू लागले. कुणाला चित्र लख्ख दिसत होतं, कुणाला काहीच नाही. वरच्या भोंग्यांचा तर संपर्कच तुटला होता.

"काढ ती! होतं तसं कर!" एवेलियो ओरडले.

"थांबा! अर्ध्यांना दिसतंय म्हणजे एक केबल धड आहे. दुसरीवरून जाणारं कुठेतरी भलतीकडेच जातंय."

ती सर्व्हरच्या कपाटामागे शिरली. गुंत्यातून दुसरी केबल हाताने चाचपत शेवटापर्यंत गेली. सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या स्विचच्या डब्यावर जी दोन भोकं तिने जोडीची म्हणून ठरवली होती, त्यांतल्या एकात केबल नव्हतीच. घाईत ती शेजारच्यात बसली होती. चूक तिचीच. तिने ती उपटली आणि जागेवर खोचली.

पडद्यावर नदी हलली. पाणी नव्हतंच ते. काळा चिखल, त्यात उभीच्या उभी वाहणारी झाडं, झाडांमागे दगड, दगडांत एक तुटका कठडा.

एवेलियोंनी भोंग्याचं बटण दाबलं. या खेपेला वरून उत्तर आलं.

मामाचा फोन चालूच होता; त्याच्याकडेही चित्र हललं होतं. तो हळूच म्हणाला, "पोरी, तो आपला पूल का गं?"

"होता, मामा."

"निघालो."

पुढे फोन लागेना. दिवस मावळायच्या सुमाराला दुधाच्या ट्रकमधून उतरलेली माणसं निवाऱ्यासाठी उघडलेल्या शाळेत येऊ लागली, सगळी एकाच राखाडी रंगाची. यादिरा एकेकाचा चेहरा निरखत दारात उभी राहिली. त्यातल्या एकाने तिच्या हातातला गुळाच्या पाण्याचा पेला काढून घेतला तेव्हा कुठे तिला मामा ओळखू आला.

"घर गेलं," तो म्हणाला.

तिने त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्या भुवयांवरची राख पदराने पुसावी तशी बाहीने पुसत राहिली.