माझं तोंड उजवीकडे होतं

मित्रांनो, सातपूरच्या या खोलीत दाराच्या वर जो लांबट, चपटा डबा टांगलेला दिसतो ना, तो मी. नवीन माणूस आला की मला शेवयांचा डबा समजतो. एका पाहुण्यानं तर माझ्यात छत्री मावेल का, असं विचारलं होतं. काय बोलायचं अशा माणसाला! अहो, मी सायलेन्सर आहे. तोही साधासुधा नाही, शर्यतीच्या गाडीचा. इंजिनाचा आवाज पोटात घ्यायचा, त्याला जरा नरम करायचा आणि मग बाहेर सोडायचा, हे माझं काम. माझ्याबद्दल या घरात पुष्कळ कौतुक बोललं गेलं आहे आणि त्यातलं एक अक्षरही खरं नाही. म्हणून आज तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगतो.

मला सावळीरामनं घडवलं. तो इथल्याच एका शेडमध्ये वेल्डिंग करायचा. हात असा, की जोड कुठे आहे ते बोटानं चाचपूनही कळू नये. स्वभाव मात्र भलताच भिडस्त. एक प्रश्न विचारला आणि समोरचा हसला, की हा दुसरा विचारायचा नाही.

ब्याऐंशी सालची गोष्ट. सावळीरामची बायको चांगुणा तेव्हा शहराबाहेर क्षयाच्या दवाखान्यात होती. सात महिने झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "ताप असाच उतरलेला राहिला आणि पुरती विश्रांती मिळाली, तर चौदा एप्रिलला जयंतीसाठी घरी न्या." झालं! सावळीरामला त्या तारखेशिवाय दुसरं काही सुचेना. शेडच्या भिंतीवर त्यानं खडूनं भला मोठा चौदाचा आकडा काढून ठेवला होता.

पण त्या दवाखान्याच्या कुंपणापलीकडे एक जुनी धावपट्टी होती आणि दर फेब्रुवारीत तिथे मोटारींच्या शर्यती भरत. आदल्या वर्षी त्या आवाजानं सगळा वॉर्ड दोन दिवस बेजार झाला होता. दवाखान्यानं तक्रार केली. मग शर्यत भरवणाऱ्या मंडळींनी नियम काढला, की वॉर्डाच्या बाजूला, शर्यतीच्या गोल रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला, आवाज मोजायचं यंत्र ठेवायचं. आवाज पंचाण्णव डेसिबलच्या वर गेला की गाडीच्या नावावर खूण. तीन खुणा झाल्या की गाडी बाहेर.

शहरातल्या द्वारका चौकाजवळ केरू नावाच्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस मोठ्यानं बोलणारा आणि त्याहून मोठ्यानं हसणारा. एका जुन्या फियाटच्या सीटा, काचा, गाद्या सगळं उपटून त्यानं शर्यतीची गाडी केली होती. तिला ट्रकचा सायलेन्सर लावून बघितला, तर तो एकटाच अकरा किलोचा. केरू वैतागून सावळीरामकडे आला.

"चार किलोत बसव मला. आन् आवाज पंचाण्णवच्या आत. जमल का?"

"शर्यत कुठं आहे?" सावळीरामनं विचारलं.

केरूनं धावपट्टीचं नाव सांगितलं. सावळीरामनं हातातली वेल्डिंगची बत्ती विझवली.

"मी करतो केरूशेठ. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"आरे, पन एवढी काय घाई?"

"तिथं माझं माणूस आहे."

असा माझा जन्म झाला. एका डेअरीची मोडीत निघालेली दुधाची टाकी सावळीरामनं भंगारवाल्याकडून आणली होती, तिच्या स्टेनलेसच्या पत्र्यातून माझं अंग कापलं. पत्रा इतका पातळ, की ज्योत जरा रेंगाळली तरी भोक पडायचं. आधी त्यानं नुसत्या तुकड्यांवर आठ दिवस हात बसवला. मग एका नळीला बारीक बारीक शेकडो भोकं पाडून ती माझ्या पोटात घातली. आवाज त्या भोकांतून बाहेर पडतो आणि भोवतीच्या भरावात जिरतो. त्या भरावासाठी त्यानं वाण्याकडून भांडी घासायच्या तारेच्या घासण्या आणल्या, चांगल्या दोन डझन. वाणी म्हणाला, "काय सावळीराम, लग्नघर आहे का?" घासण्यांच्या वरून काचेचा कापूस गुंडाळला. त्या कापसानं बिचाऱ्याचे हात कोपरापर्यंत खाजत होते, पण चेहऱ्यावर आठी नाही. शेवटी मला ताणकाट्याला लटकवलं. तीन किलो नऊशे ग्रॅम! तेव्हा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

आता माझं तोंड तेवढं ठरायचं होतं. आवाज नुसता कमी करून भागत नाही. तो कुठल्या बाजूला सोडायचा तेही बघावं लागतं. वॉर्ड आणि यंत्र दोन्ही बाहेरच्या अंगाला, तेव्हा तोंड आतल्या अंगाला हवं. पण आतलं अंग कुठलं, डावं की उजवं? सावळीरामनं बरोबर तोच प्रश्न विचारला.

"केरूशेठ, गाड्या फेरी कशी मारतात हो?"

"कशी म्हंजे? गोल!" केरू खो खो हसला. "आता फेरी काय चौकोनी मारत्यात व्हय?"

सावळीराम ओशाळला. त्यानं आपला आपणच विचार केला. तो दर वर्षी पांडवलेण्यात जायचा, तिथल्या स्तूपाला उजव्या हाताला ठेवून फिरायचा. केरू त्याच्या गावच्या खंडेरायाला तशीच प्रदक्षिणा घालायचा. दोघांची श्रद्धास्थानं वेगळी, पण फिरायची दिशा एकच. फेरी मारायची म्हणजे मधली जागा उजवीकडे ठेवायची, हे दोघांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. सावळीरामनं माझं तोंड उजवीकडे वळवलं आणि पक्कं करून टाकलं.

ओळखीच्या एका प्राध्यापकांनी आवाज मोजायचं यंत्र आणलं. ते गॅरेजमध्ये गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहिले. एकोणनव्वद! केरूनं सावळीरामला उचलून घेतलं. "लय भारी गड्या! आता कोन अडवतो बघू!" सावळीराम त्या रविवारी दवाखान्यात जाऊन चांगुणाला सांगून आला, की यंदा निदान एक गाडी तरी तुला त्रास देणार नाही.

शर्यतीच्या नियमांचे चार कागद केरूच्या गॅरेजात पडून होते, इंग्रजीत टाइप केलेले. केरूनं त्यातल्या पंचाण्णव या आकड्याभोवती लाल गोल काढला होता आणि बाकीचं वाचायचं सोडून दिलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून सावळीरामनं त्यातलाच शेवटचा कागद घेऊन माझ्या तोंडावर सुतळीनं बांधला. मित्रांनो, त्या कागदावर धावपट्टीचा नकाशा होता. गाड्या कुठून कुठे जाणार त्याचे बाण होते. ते बाण डावीकडे वळत होते! प्रदक्षिणेच्या अगदी उलटे! चार दिवस तो नकाशा माझ्या तोंडाला बांधलेला होता आणि मी काहीही करू शकत नव्हतो. इंजिन चालू झाल्याशिवाय मला आवाज नाही, आणि झाल्यावर जो येतो त्यात शब्द नाहीत.

शर्यतीच्या सकाळी सावळीरामनं सुतळी सोडली, कागद चुरगळून खिशात कोंबला. मंडळींनी गाडी तपासली, माझ्यावर शिक्कासुद्धा मारला. मग गाड्या ओळीत उभ्या राहिल्या आणि सावळीराम चपापला.

"अहो, गाड्यांची तोंडं इकडं कशी? उलटी लावलीत तुम्ही," तो झेंडेवाल्याला म्हणाला.

"इथं फेरी नेहमी अशीच असते. डावीकडं वळत," झेंडेवाला म्हणाला.

सावळीराम धावत केरूकडे आला, खिडकीशी वाकून काहीतरी ओरडू लागला. पण इंजिन सुरू झालं होतं. केरूच्या डोक्यावर हेल्मेट. त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यानं अंगठा वर करून दाखवला आणि गाडी सोडली.

पहिल्या फेरीला माझं तोंड नेमकं वॉर्डाकडे होतं. कुंपणाशी सावळीराम दोन्ही हात हलवत उभा होता. केरूला वाटलं, आपल्याला शाबासकी देतोय. त्यानं आणखी जोर केला. यंत्रावर अठ्ठ्याण्णव. पहिली खूण.

दुसऱ्या फेरीला कुंपणाशी कुणी नव्हतं. सावळीराम वॉर्डाच्या व्हरांड्यात पोचला होता आणि चांगुणाच्या खाटेजवळची खिडकी लावायला बघत होता. भागीबाई नावाची आया त्याचा हात धरून त्याला अडवत होती. ती काय म्हणत होती ते मला नंतर कळलं. "नाय लावायची दादा खिडकी. डागदरचा हुकूम हाय. पेशंटला वारा पायजे." नव्व्याण्णव. दुसरी खूण.

तिसऱ्या फेरीला सावळीराम खाटेवर बसला होता. त्यानं चांगुणाचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी झाकून धरले होते. मी तिच्याकडे तोंड करून ओरडत गेलो. मला थांबता येईना, मान वळवता येईना. तिसरी खूण झाली, पुढे काळा झेंडा दिसला आणि केरूनं गाडी बाहेर काढली.

"आरं, मला इचारायचं तरी!" केरू नंतर सावळीरामवर उखडला.

"विचारलं होतं शेठ. तुम्ही म्हणालात, गोल."

केरूनं मला स्वतःच्या हातानं खोललं आणि सावळीरामच्या हातात दिलं.

त्याच संध्याकाळी चांगुणाला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, "आवाजानं ताप येत नाही. तो यायचाच होता." ते शिकलेले, त्यांचंच खरं असेल. पण सावळीरामला ते पटलं नाही आणि मलाही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ओलं फडकं घेऊन भिंतीवरचा चौदा पुसून टाकला. चांगुणाची जयंती त्या वर्षी खाटेवरच गेली. ती घरी आली ती पुढच्या उन्हाळ्यात.

घरी आली तेव्हा मी कोपऱ्यात पोत्याखाली पडलो होतो. तिनं पोतं बाजूला केलं.

"अगंबाई! हाच का तो? अहो, असा काय टाकलाय ह्याला अडगळीत?"

तिनं मला चिंचेच्या पाण्यानं घासलं, पुसलं, आणि स्टुलावर चढून दाराच्या वर टांगलं. सावळीराम नको नको म्हणत होता. संध्याकाळी शेजारच्या बायका तिला भेटायला आल्या, तर ही माझ्याकडे बोट दाखवून सांगू लागली.

"काय सांगू बाई, नुसता उच्छाद मांडला होता त्या मोटारींनी! त्यातली एक तर इतकी बोंबलत गेली, की ह्यांनी येऊन माझे कान दाबून धरले. मी विचारलं, तुमची कुठली हो? तर म्हणाले, ती गेली की मघाशीच. मला पत्तासुद्धा लागला नाही! असं काम आहे ह्यांचं."

बायकांनी सावळीरामकडे कौतुकानं पाहिलं. तो कपातल्या चहाकडे बघत बसला.

त्यानंतर सहा वर्षं मी हे ऐकलं. पाहुणे आले की ऐकलं, जयंतीची वर्गणी मागायला पोरं आली की ऐकलं. दर वेळी सावळीराम काहीतरी बोलायला तोंड उघडायचा. मला वाटायचं, आज सांगणार. पण ती इतक्या आनंदात असायची, की तो नुसता खाकरायचा आणि बाहेर जायचा. स्टेनलेसचा असल्यामुळे मी गंजूनही जात नव्हतो. लखलखीत, तिच्या हातानं पुसलेला, खोटेपणानं टांगून राहिलो होतो.

गेल्या थंडीत चांगुणा गेली. जुनंच दुखणं उलटलं. आलेली माणसं परत गेल्यावर एका दुपारी सावळीरामनं मला खाली उतरवलं. जमिनीवर बसला, मला मांडीवर घेतलं, माझ्या तोंडाशी वाकला आणि म्हणाला, "चांगुणा, ती बोंबलत गेली ना, ती गाडी आपलीच होती गं."

मग पुन्हा म्हणाला. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं. माझ्या पोटात अजून त्या दोन डझन घासण्या आहेत. त्यानं सांगितलेलं सगळं तिथं जिरून गेलं.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझी तशी काही मागणी नाही, मला इथं पुष्कळ जपलं आहे. पण समोरचा हसला तरी दुसरा प्रश्न विचारत जा. आणि घरातल्या माणसाला काही सांगायचं राहिलं असेल, तर आज घरी गेल्या गेल्या, चपला काढायच्या आधी सांगा.