शेषरावांच्या वावरासमोरची नाली

मी एक जुना राज्य महामार्ग आहे. हसू नका, मित्रांनो! अंगावर खड्डेच खड्डे असले तरी सरकारी नकाशात माझे नाव अजून तेच आहे. अकोटहून मी निघतो, कापसाची आणि तुरीची वावरे ओलांडतो आणि सातपुड्याची निळी रांग डाव्या हाताला ठेवून संत्र्याच्या बागांकडे वळतो. सुट्टीच्या दिवशी अमरावतीच्या राजापेठेतली मंडळी मोटरसायकलींवर येतात, माझ्या कडुलिंबांखाली फोटो काढतात आणि "काय सुंदर रस्ता आहे!" म्हणतात. पुढच्या खड्ड्यात आदळले की तीच मंडळी मला शिव्या घालतात.

फार पूर्वी मी बैलगाड्यांची वाट होतो. पावसाळ्यात काळ्या मातीत बैल गुडघ्यापर्यंत रुतायचे. मग ती माती खोदून काढली, मुरूम भरला, गिट्टी अंथरून रोलर फिरवला. पुढे डांबर आले. कापसाच्या गाड्या माझ्यावरून जिनिंगला जायच्या आणि उडालेला कापूस दिवसचे दिवस बाभळींच्या काट्यांना लटकून राहायचा. तेव्हा मला मान होता.

आणि मला श्रावण होता. श्रावण म्हणजे माझा मैलकुली. माझा आठ किलोमीटरचा तुकडा सरकारने त्याच्या हवाली केला होता. सायकल, पावडे आणि घमेले, एवढ्यावर तो मला सांभाळी. झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारी, खड्डा वीतभर असतानाच बुजवी आणि मृग लागण्याआधी दोन्ही बाजूंच्या नाल्या उकरून मोकळ्या करी. लोकांना वाटते, रस्ता गाड्यांनी मोडतो. आमच्याकडे तो साचलेल्या पाण्याने मोडतो, आणि हे श्रावणला पक्के ठाऊक होते.

धामणखेडजवळ शेषरावांचे वावर आहे. त्यांनी ट्रॅक्टर घेतला. तो वावरात उतरवायला वाट हवी, म्हणून ते नालीत माती लोटू लागले. श्रावणने सायकल थांबवली.

"शेषराव, बुजवा, पन खालून पाइप टाका ना भाऊ. काळी माती हाय. पानी पेली का फुगते, अन् उन्हात फाटते. रस्ता नाई टिकनार."

"टाकतो ना," शेषराव म्हणाले आणि घरी गेले. श्रावण नोकरीत होता तोवर त्यांनी पुन्हा नालीला हात लावला नाही. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आले नाही. तिसऱ्याच दिवशी शेषरावांनी दोन ट्रॉल्या माती आणून ओतली.

"अजी, पाइप नाई टाकत का?" त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी विचारले.

"काहून टाकू? रस्ता सरकारचा हाय, माह्या बापाचा नाई."

त्यांचे पाहून शेजाऱ्याने बुजवली, त्याचे पाहून पुढच्याने. पाण्याला वाट उरली नाही. माझ्या पोटाखालची माती फुगली आणि शेषरावांच्या वावरासमोरच मी खचलो. ठिगळे लावणारे आले, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डांबर ओतून गेले. ते पहिल्या पावसात निघाले.

शेषरावांची मुलगी वर्षाली. त्या घरातली दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच मुलगी. तिला नर्स व्हायचे होते. रोज सकाळी ती श्रावणने लावलेल्या कडुलिंबाखाली पुस्तक उघडून बसची वाट पाही. ती मला फार आवडे. वडिलांनी अट घातली होती, "बस हाय तोवर अकोटले जाय. कोनाच्या मोटरसायकलवर बसून कॉलेज नाई करायचं."

ती बारावीत असताना, ऐन पावसाळ्यात, बसचे चाक त्याच खड्ड्यात गेले आणि अ‍ॅक्सल तुटला. कोणाला लागले नाही. पण त्यानंतर बस सहा किलोमीटर अलीकडच्या फाट्यावरूनच परत फिरू लागली. शेषरावांनी वर्षालीचे कॉलेज बंद केले.

ती वडिलांसमोर एकदाच बोलली, माझ्या खड्ड्यापाशी उभी राहून. "बाबा, नाली तुमीच बुजवली. आता तरी उकरा."

"एकट्या माह्याच नालीनं रस्ता खचला काय? सगळ्याईनंच बुजवली!"

ते खरे होते, मित्रांनो. म्हणूनच मला अधिक राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः पावडे उचलले. हातभर नाली मोकळी झाली, तेवढ्यात शेषराव धावत आले आणि त्यांनी पावडे हिसकावून घेतले. "पोरीनं रस्त्यावर पावडं चालवावं? लोक का म्हनतीन? अन् मंग मी ट्रॅक्टर कुठून उतरवू?"

अठरावे सरून महिना झाला नाही तोच तिचे लग्न झाले. सासर तिकडे नांदगाव खंडेश्वरकडे. फुलांनी सजवलेली गाडी खड्ड्याशी येऊन अडली. शेषराव पुढे धावले. स्वतःच भरलेल्या मातीवर उभे राहून हातवारे करू लागले, "इकडून घ्या, सावकाश, इकडून!" मग घामाने निथळत जावयाला म्हणाले, "पाहा ना, हे सरकार रस्त्याचं काईच करत नाई."

वर्षालीने खिडकीतून त्या हातभर उकरलेल्या नालीकडे पाहिले. मग तिने काच वर केली.

माणसांना गावाबाहेर नेणे एवढेच मला येते. तिलाही मीच नेले, पण अकोटला नेऊ शकलो नाही. मित्रांनो, मला फुले वाहू नका, माझे फोटोही काढू नका. आज घरी गेलात की वडिलांना विचारा, आपल्या वावरासमोरची नाली कोणी बुजवली? ते सरकारचे नाव सांगतील. तुम्ही पावडे घ्या आणि वर्षालीने जिथे सोडले तिथून पुढे उकरा.