दहातलं तीन

"सकाळपास्नं चार सऱ्या," बांधावर उभं राहून आकाराम म्हणाला. "काल ह्याच येळंला सा झाल्या हुत्या."

लीलाबाई उसाच्या सरीत खाली बसली होती. एका हातात खुरपं, दुसरा हात पोटाशी. भादव्यातली काळी माती तिच्या पायाला घोट्यापर्यंत चिकटलेली. पुढं गेलेल्या बाया थांबल्या. ह्या नवरा-बायकोची जुंपली की भांगलणीचा शीण उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"मोजा, मोजा," लीलाबाई म्हणाली. "लगीन लागताना बी ह्यो माणूस अंतरपाटाच्या आडनं अक्षतांचं तांदूळ मोजत हुता गं. भटजी काय म्हणला ते ह्यास्नी अजून म्हाईत न्हाई."

बाया फिस्सकन हसल्या. शेजारची भामाबाई तर खुरपं टाकून हसली.

आकाराम हसला नाही. हसण्यात किती मिनिटं गेली ते त्यानं बघितलं असणार. एकतीस वर्षं तो गावच्या पाणी संस्थेत पाटकरी होता. नदीवरनं उचललेलं पाणी कुणाच्या रानाला किती वेळ सोडायचं, हे त्याच्या हातात. वारणाकाठी पाण्यावरनं माणसं कुऱ्हाडी काढतात, पण आकारामच्या पाळीवर कधी काठीसुद्धा उगारली गेली नाही. सख्ख्या भावाचं रान अर्धं कोरडं राहिलं तरी वेळ संपली की त्यानं पाटाचं दार टाकलं. बोलण्यावर त्याचा भरवसा नव्हता. बोलण्याला माप नाही, आणि ज्याला माप नाही ते पाटात पडलं काय आन् ओढ्यात गेलं काय, असं त्याचं मत होतं.

लीलाबाई दुसरीतनं शाळा सोडलेली. पण गावात बारसं असो, लग्न असो, नाहीतर मयत, तिच्या बोलण्यावाचून पानच हलत नसे. बारा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन भावांना तिनं एका ताटात जेवायला बसवलं होतं. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, हिनं तर दगडसुद्धा खपवले असते. नवऱ्याला ती उठता-बसता टोमणे मारायची आणि तो 'किती, कवा' एवढंच विचारायचा. असा छत्तीस वर्षांचा संसार. त्याचा जीव होता तिच्यावर, पण ते सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

त्या दिवशी घरी येताना वाटेत ती पुन्हा थांबली.

"आवं, बरगडीखाली कुणी खुरपं रवून ठिवल्यागत हुतंय. वाकलं की त्ये पाठीतनं भायेर येतंया."

"किती दिस झालं?"

"दिस कुणी मोजल्यात? बेंदराच्या पोळ्या केल्या तवापास्नं चुलीजवळ बसवंना. न्हवं, आधीपास्नंच. जेवण समूर आलं की पोटात कुणीतरी दार लावून घेतंया."

"आगं, दिसातनं किती येळा दुखतंय त्ये सांग."

"ज्याचं जळतं त्याला कळतं," लीलाबाई म्हणाली आणि चालायला लागली.

आठ दिवसांनी त्यानं तिला मिरजेला नेलं. पहाटेची एसटी, सांगलीत गाडी बदलायची, मग दवाखान्यातली रांग. पुढं एकोणीस माणसं आहेत हे आकारामनं मोजून ठेवलं. डॉक्टरीण तरणी होती, विशीतच म्हणावी अशी, आणि बोलायला गोड.

"काय होतंय आज्जी?"

लीलाबाईनं पदर सावरला आणि सुरुवात केली. खुरपं सांगितलं, पाठ सांगितली, दार लावून घेणारं पोट सांगितलं. मग भामाबाईची सासू कशी दुखण्यानं गेली तिकडं वळली. बाहेरनं नर्सनं दोनदा डोकावून बघितलं.

"आज्जी, मला असं सांगा," डॉक्टरीण हसून म्हणाली. "काहीच दुखत नाही म्हणजे शून्य. अजिबात सहन होत नाही म्हणजे दहा. तुमचं दहापैकी किती?"

असं कुणी लीलाबाईला आजवर विचारलंच नव्हतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. आकारामला मात्र बरं वाटलं. अख्ख्या सकाळीत पहिल्यांदा कुणी कामाचं बोललं होतं.

"सांग की. दहातलं किती?"

लीलाबाईनं दाराबाहेरच्या बाकाकडं बघितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तीन," ती म्हणाली.

डॉक्टरणीनं तीन लिहिलं. पित्ताच्या गोळ्या दिल्या. आणि आकारामला नीट समजावून सांगितलं, की हे पाचच्या वर गेलं तर एक दिवससुद्धा थांबू नका, लगेच आणा, मग पोटाचा फोटो काढू.

येताना एसटीत आकाराम खुशीत होता. तीन म्हणजे काहीच नाही. पाचाला अजून दोन बाकी.

त्या दिवसापासनं त्यानं नेम धरला. सकाळी चहा झाला की विचारायचा, "आज किती?"

"तीनच की," ती म्हणायची.

दसऱ्याला ती साडेतीन म्हणाली. त्या दिवशी तो दोनदा विचारून गेला. दुसऱ्या दिवशी परत तीनावर आलं, म्हणून त्यानं सुटकेचा श्वास टाकला. दिवाळीत करंज्या लाटता लाटता ती भिंतीला टेकली आणि भामाबाईला म्हणाली, "बाई, आता माझ्या अंगात मी पावण्यागत ऱ्हातीया." आकारामनं ते बाहेरच्या सोप्यातनं ऐकलं. आत येऊन त्यानं विचारलं, "किती?" ती म्हणाली, "चार." चार म्हणजे पाचाच्या आतच होतं.

"आवं भावजी, तिच्या तोंडाकडं तर बघा," भामाबाई त्याला अंगणात गाठून म्हणाली. "महिना झाला, लीलाबाईनं एक म्हण टाकली न्हाई. माझ्या सुनंला एक टोमणा मारला न्हाई. मला तर भ्या वाटाय लागलंय."

"डॉक्टरनं आकडा दिलाय, भामाबाई. आकडा चुकत न्हाई."

"आकड्याला काय डोळं असत्यात?"

घर हल्ली शांत असतं हे आकारामच्या ध्यानात आलं होतं. खोटं कशाला बोला, त्याला ती शांतता थोडी बरीसुद्धा वाटत होती.

मार्गशीर्षात उसाला तोड आली. धुकं वितळलं की फडात कोयत्यांचा आवाज सुरू व्हायचा. एका सकाळी लीलाबाई वैरणीला वाढं आणायला म्हणून फडाकडं गेली आणि बांधावरच आडवी झाली. तोडकरी बायांनी तिला उचलून घरी आणलं. तिचे डोळे हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे पिवळे दिसत होते. आकारामनं तिला मिरजेला नेलं, आणि सांगलीच्या विश्रामबागेतनं लेक संयोगिता गाडी घेऊन थेट तिथंच आली.

पोटाचा फोटो झाला. तीच डॉक्टरीण, आणि तिच्याबरोबर एक मोठे डॉक्टर. त्यांनी आकारामला आणि संयोगिताला बाजूला घेतलं. जठराच्या मागं गाठ होती, आणि आता ती यकृतात पसरली होती. कापून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ह्या दुखण्यात माणूस गडाबडा लोळतो," डॉक्टरीण म्हणाली. "त्या तीन म्हणाल्या होत्या, आजोबा. मी तीन लिहिलं."

"मी बी तीनच धरलं," आकाराम म्हणाला.

संयोगिता भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. आकारामनं मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "किती दिस?"

"पंधरा. फार तर वीस. त्यांना घरी न्या. गोळ्या देतो, निदान वेदना कमी होतील."

आकाराम आत गेला. लीलाबाई खाटेवर पडून छताकडं बघत होती. त्याला राग आला होता. कुणाचा ते त्याचं त्याला कळत नव्हतं, म्हणून त्यानं तो तिच्यावरच काढला.

"तीन का सांगितलंस गं? किती हुतं खरं?"

लीलाबाईनं मान वळवली. आवाज उरला नव्हता, पण बोलणं तिचंच होतं.

"दुसऱ्याच्या दारात बाईमाणसाला 'किती भाकरी वाढू' म्हणून इचारलं, तर ती काय सांगती?"

आकाराम खाटेजवळ सरकला.

"अर्धी सांगती. चार दिसाची उपाशी असली तरी अर्धीच सांगती. वाढणारीनं तोंड बघून वळखायचं असतंया. आग्रह करायचा असतुया." ती दम खायला थांबली. "भायेर बाकावर लेकुरवाळ्या बाया बसलेल्या. सगळ्यात जास्त मलाच दुखतंय म्हणून कशी सांगू? मला वाटलं, ती न्हाई तर तुमी तरी म्हणशीला, आगं आजून घे. तुमी रोज इचारलंसा आन् रोज तेवढंच घेऊन गेलासा."

आकाराम खाटेच्या कडेला बसला. छत्तीस वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली, आणि तिला आणखी घे असं एकदाही म्हटलं नव्हतं, हे त्याला तिथं बसल्यावर कळलं. त्याला ओरडून रडावंसं वाटलं. रडताही येईना. तिचा हात धरायचा एवढं सुचलं, तो त्यानं धरला.

तिला घरी आणलं. संयोगिता पोरांची सोय लावायला सांगलीला गेली, रविवारी येते म्हणाली. थंडीचे दिवस, म्हणून आकारामनं बाज अंगणात उन्हाला टाकली. गावातल्या बाया येऊन बसायच्या, पण बोलायचं काय हे कुणालाच सुचत नव्हतं. दुखण्याच्या घरी कसं बोलावं हे त्या गावात फक्त लीलाबाईलाच येत होतं.

एका दुपारी बाया उठून गेल्यावर आकाराम बाजेजवळ येऊन बसला. तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं.

"आजून घे," तो म्हणाला.

तिनं दोन चमचे घेतले. तिसरा ओठावरनं ओघळला. तो त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसला.

"आवं," लीलाबाई म्हणाली. "डाक्तर काय म्हणला? किती दिस हायत?"

तिनं त्याला जन्मात कधी आकडा विचारला नव्हता. आकारामला आकडा पाठ होता. विसातले सहा गेले होते. पंधरातले म्हटलं तर नऊच उरत होते. कुठल्याही बाजूनं मोजलं तरी त्याचं उत्तर चुकलं नसतं.

"लय हायत," तो म्हणाला. "लय दिस हायत आजून."

लीलाबाई त्याच्याकडं बघत राहिली. ऊन तिच्या पिवळ्या तोंडावर होतं, तरी तिनं डोळे मिटले नाहीत.

"एकतीस वर्सं मिन्टाला मिन्ट धरलंसा," ती हळू म्हणाली. "आन् मलाच 'लय' सांगताय व्हय?"

आकारामनं खाली बघितलं.

तिनं हात लांबवून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"संयोगिताला फोन करा. म्हणावं, रयवारची वाट बघू नगो. उद्याच ये."