बिननंबरचा गॉगल

मी गॉगल बोलतोय. काळ्या काचांचा, जाड दांड्यांचा. सध्या एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, मोडक्या सायकलीशेजारच्या फळीवर धूळ खात पडलोय. हसू नका, माझाही एक काळ होता. लातूरच्या बाजारात ईश्वरप्पांच्या चष्म्याच्या दुकानात आरशाजवळच्या खिळ्यावर मी ऐटीत लटकत असे. लग्न ठरलेले नवरदेव येत, मला नाकावर चढवत आणि मान तिरकी करून स्वतःलाच न्याहाळत बसत. एकेकाची ऐट बघून मला हसू आवरत नसे.

माझ्यात उणीव एकच. मला नंबर नव्हता. ज्याची नजर धड आहे त्याला माझी सावली मिळे. ज्याची अधू आहे त्याला मात्र माझ्यातून सगळं जसंच्या तसं धूसर दिसे, वर काळंही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. गावोगावच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवलं होतं. जिल्हा नवा आला, पण पाऊस काही आला नाही. हातपंप नुसते खडखडत होते. अशा एका चैत्रात बसवंत दुकानात शिरला. तिशीचा, शिडशिडीत, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"अण्णा, मोठ्यात मोठा गॉगल दाखवा. ह्या चष्म्यावरून बसला पायजे."

ईश्वरप्पांनी त्याचा चष्मा उजेडात धरला. "मायनस पाच तरी असंल. लई हाय की रे! चष्म्यावर चष्मा कशाला? तुझ्या नंबराच्याच काळ्या काचा बसवून देतो. सोलापूरहून येतील, आठ दिवस थांब."

"आठ दिवस कुठले? उद्या टँकरवर हजर व्हायचंय. ठेकेदार हणमंतराव म्हणतोय, चष्मेवाला ड्रायव्हर नको. गॉगलखाली चष्मा लपला की झालं."

"मग लायसन कसं निघालं तुझं?"

"अक्षरांचा तक्ता पाठ केला होता," बसवंत ओशाळून म्हणाला.

"तक्ता पाठ होतो बाबा, रस्ता पाठ होत न्हाई," ईश्वरप्पा म्हणाले. तरी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांच्याच्यानं होत नसे.

पहिले पंधरा दिवस छान गेले. आत चष्मा, वर मी. बसवंत जपून गाडी चालवी. घरी बायको, जगदेवी, पोटुशी होती. गाडी हाकता हाकता तो एकटाच बोलायचा, "एवढा उन्हाळा नोकरी टिकू दे देवा." त्याच्या नाकावर बसून मीही तेच म्हणत होतो.

आमची रोजची खेप एका माळावरच्या गावी होती. तिथं माणसं रांगेत उभी राहत नसत, भांडी उभी राहत. पहाटेपासून विहिरीच्या वाटेवर घागरी, हंडे, पिंपं ओळीनं मांडलेली असत आणि बायका लिंबाच्या सावलीला बसलेल्या. ज्याचं भांडं जिथं, तिथं त्याचा नंबर. टँकर मागं घेताना बसवंत दोनदा हॉर्न देई. तो ऐकला की बायका आरडाओरडा करत धावायच्या, आपापलं भांडं वाटेतून ओढायच्या आणि टँकर थांबला की पुन्हा ओळीत ठेवायच्या.

सरजाबाई तेवढी सावलीला जात नसे. सत्तरी गाठलेली, एकटी, कमरेत वाकलेली म्हातारी. तिची घागर कुणीही मागं सरकवायचं. म्हणून ती घागरीशेजारीच फतकल मारून बसे आणि भांडी हलली तरी तसूभर हलत नसे. बसवंतच तिला बघून टँकर वळसा घालून मागं घेई. "उठले की माझा नंबर गेला," म्हणायची. बसवंतावर तिचा जीव होता. पदराखालून कांदा-भाकर काढून द्यायची आणि त्याची मापंही काढायची.

एक दिवस तिनं त्याचं तोंड जवळून पाहिलं आणि टाळीच वाजवली. "आगं बाया! ह्येनं तर चष्म्यावर चष्मा घातलाय की गं! बसवंता, नवरदेवावानी दिसतोस, पर आतला काढ रे, माकड झालंय तुझं!"

बायका खो-खो हसल्या. बसवंतही हसला, पण घामानं मी त्याच्या नाकावरून घसरलो. ही गोष्ट हणमंतरावाच्या कानावर गेली तर? दुसऱ्या दिवशी गावाच्या शिवेवर त्यानं गाडी थांबवली, आतला चष्मा काढून खिशात घातला आणि एकट्या मला डोळ्यांवर चढवलं.

अहो, मी ओरडलो असतो! पण तेव्हा मला तोंड कुठलं?

आठवडाभर निभावलं. मग तो दिवस आला. दुपारचं ऊन नुसतं पेटलं होतं. बसवंत आरशात बघत टँकर मागं घेत होता. त्याला काय दिसत होतं, ते मला ठाऊक आहे. काळपट चिखलात काळपट ठिपके. दोनदा हॉर्न वाजला. बायका धावल्या, ठिपके हलले. एक तेवढा हलला नाही. गारव्याला गोणपाट गुंडाळून ठेवतात ना, तसलं पिंप वाटलं त्याला ते.

"कुणाचं पिंप हाय ते? ओढा की!" त्यानं खिडकीतून ओरडून सांगितलं. बायका किंचाळत होत्या. त्या रोजच किंचाळायच्या. "न्हाई ओढत, तर चेपू द्या," असं चिडून पुटपुटत त्यानं गाडी मागं घेतली.

ते पिंप नव्हतं.

खाली उतरल्यावर त्यानं मला काढलं, खिशातला चष्मा लावला, आणि तेव्हा त्याला दिसलं. तो जमिनीवर बसला आणि "आये, आये" म्हणत राहिला. सरजाबाईची घागर घरंगळत कडेला गेली होती. तिला पोचाही आला नव्हता.

हणमंतराव ठाण्याच्या दारातच भेटला. दबक्या आवाजात म्हणाला, "म्हातारी आडवी आली म्हणून सांग. डोळ्यांचं नाव काढू नको. बायको पोटुशी हाय तुझी, ध्यानात ठेव."

बसवंत मला हातात घेऊन फौजदारासमोर जाऊन उभा राहिला. फौजदारानं विचारलं, "कशी मेली?"

बसवंतानं मला टेबलावर ठेवलं, शेजारी चष्मा ठेवला. "साहेब, ती जागची हलली बी न्हाई. मलाच दिसलं न्हाई. मायनस पाच हाय माझा. ह्या गॉगलला नंबर न्हाई."

त्याला आत नेलं. जगदेवी बाहेर पायरीवर बसून होती. तिचं रडणं मला अजून ऐकू येतं. नंतर हवालदारांच्या बोलण्यात आलं, की त्या संध्याकाळी गावात पाणी वाटलं गेलं. सरजाबाईचा तिसरा नंबर होता. बायकांनी तिसऱ्या नंबराला तिचीच घागर भरली आणि तिच्या कुलूप नसलेल्या दारात नेऊन ठेवली.

बाबांनो, डोळे अधू असतील तर आरशात बघून गॉगल घेऊ नका. आठ दिवस थांबा. कुणी हसलं तर हसू द्या.

त्या रात्री हवालदारानं माझ्या दांडीला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली. तिच्यावर शाईनं लिहिलंय, मुद्देमाल नंबर सात. जन्मभर नव्हता तो नंबर मला असा मिळाला.