खाटेवरचं ‘लेफ्ट’

छप्पन्न सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे कळलं आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. लालबागच्या मोर्च्यात सीतारामच्या डोक्यात लाठी बसली. लोकांनी त्याला उचलून इस्पितळात नेलं. संचारबंदीमुळे त्याची बायको शेवंती दोन दिवस चाळीतच अडकून पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन तासांची सवलत मिळाली, तशी ती नणंदेला, कांताला घेऊन धावतच निघाली.

वॉर्डात सतरा नंबरची खाट रिकामी होती. चादरसुद्धा नवी घातलेली. पायथ्याला टांगलेल्या कागदावर सीतारामच्या नावाखाली एकच इंग्रजी शब्द खरडलेला होता.

“लेफ्ट,” सातवीतल्या कांताने वाचलं. “लेफ्ट म्हणजे डावा, वयनी. डाव्या हाताला लागलं असेल.”

“लागलंय डोक्याला,” शेवंती म्हणाली.

शेजारच्या खाटेवर बाबुराव नावाचे एक कारकून होते. औषधाच्या गुंगीतून ते नुकतेच जागे झाले होते. “डावा खरंच,” ते चाचरत म्हणाले, “पण बाई, लेफ्ट म्हणजे... गेला, असंही होतं.”

गावी सासूला कुणी आणि काय कळवायचं, एवढंच शेवंतीच्या डोक्यात फिरू लागलं.

तेवढ्यात नर्सबाई आल्या, त्या रागातच. “सतरा नंबरचं माणूस तुमचं? सांगा त्यांना, टाके ओले आहेत अजून. पोलीस नावं लिहून घ्यायला येणार कळलं, आणि हे पहाटे मागच्या जिन्याने चालते झाले. असं न सांगता कुणी निघून गेलं की आम्ही लेफ्ट लिहितो.”

“चालत गेले? स्वतःच्या पायांनी?”

“मग काय, पालखीतून?”

शेवंतीने वाकून त्यांना नमस्कारच केला. नर्सबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. बाबुराव ओशाळून म्हणाले, “माफ करा बाई. एरवी माझं इंग्रजी बरं आहे.”

चाळीत परतल्या तर सीताराम जिन्यावर बसलेला, डोक्याला भलंमोठं बँडेज. गल्लीबोळांतून लपतछपत तो आला होता, आणि दाराला कुलूप.

“खंय गेल्लंस गो? कधीपासून बसलंय हंय.”

वाटभर तिने त्याला काय काय सुनवायचं ठरवलं होतं. पण किल्ली कांताकडे देऊन ती त्याच्याशेजारी पायरीवर टेकली.