वरून ओतलेलं पाणी

नळ म्हणजे काय मोठीशी चीज, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. रिकामी घागर घेऊन जो विहिरीपासून लांब कधी ताटकळला नाही, त्यानं नळाबद्दल तोंड उघडू नये. आमच्या गावात आम्हा महारांच्या बायकांना विहिरीला शिवायची सोय नव्हती. कुणा मराठ्याच्या सुनेला दया आली, की ती हात उंच धरून वरून आमच्या घागरीत पाणी ओतायची. मग पदरावर शिंतोडा उडाला म्हणून आमच्याच नावानं बोटं मोडायची.

लढाईच्या दिवसांत लोणावळ्याला, तुंगार्लीच्या वाटेवर, अमेरिकन पलटणीचा तळ पडला. थकलेले शिपाई विसाव्याला यायचे, थंड हवा खायचे आणि परत ब्रह्मदेशाकडे जायचे. तिथं मला झाडलोटीचं काम लागलं. मुकादम होता महिपती, आमच्याच गावचा मराठा. म्हणजे गाव मागं राहिलं तरी गावाचा पहारा काही सुटला नाही.

पण त्या तळावर भटारखान्याशेजारी एक नळ होता. पहिल्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडे नुसती बघत उभी राहिले. भटारखान्यात राजमहंमद म्हणून लोणावळ्याच्या बाजारातला आचारी होता. सायबांची भाषा त्याला कामापुरती यायची.

“बघतीस काय बया? पी की,” तो म्हणाला.

“वतनार कोन?”

“कोन कशाला पायजे? सोड चावी आन् पी. अमेरिकेवाले हायेत हे. त्यांच्या मुलखात जात न्हाई. राजा बी न्हाई.”

मी चावी सोडली. पाणी हातावर धाडकन पडलं. ओंजळीनं प्याले, तोंड धुतलं, मानेवर पाणी घेतलं आणि चावी बंद करून मागं वळून पाहिलं. कुणी ओरडलं नाही. महिपती लांबून बघत होता. त्याच्या पोटात दुखत होतं हे तोंडावर दिसत होतं, पण जागा सायबाची आणि नळही सायबाचा, त्यामुळे जीभ उचलत नव्हती. तो घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायचा आणि माझ्याकडे बघून थुंकायचा. थुंकेना का. मी तहान नसली तरी नळावर जायचे. पगार कमी होता, सायब कधी कधी अंगावर ओरडायचे, तरी त्या नळासाठी मी ते काम सोडलं नसतं.

तळाच्या मागच्या अंगाला, ओढ्याकडे, काळ्या ड्रायव्हरांचे तंबू होते. तेही अमेरिकनच होते. तोच गणवेश, तीच टोपी, तीच लढाई. त्यांतला एक ज्यो. उंचापुरा, पण मान जरा खाली घालून चालणारा. भर उन्हात पुण्याहून मालमोटार घेऊन यायचा, घामानं निथळत उतरायचा आणि भटारखान्याच्या नळाला वळसा घालून थेट ओढ्याकडच्या नळावर जायचा. जवळच्या नळाकडे बघायचासुद्धा नाही. ती चाल मी लगेच ओळखली. विहिरीला वळसा घालताना आमची माणसं अशीच चालतात.

मी राजमहंमदला विचारलं, तेव्हा तो कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, “पाटी हाय नळावर. निस्त्या गोऱ्यांसाठी, असं लिवलंय.”

“मंग मी कशी पिती?”

“तू नोकर. नोकराला कोन मोजतो? म्हशीनं तोंड घातलं तर म्हशीला पाटी दावतो का आपन?”

“आन् त्यो?”

“त्यो शिपाई. बरोबरीचा. म्हनून तर पाटी.”

मला वाटलं होतं, इथं मी माणूस म्हणून पिते. माणसात धरलंच नव्हतं म्हणून तर नळ मोकळा होता! आणि राजमहंमद म्हणे, त्यांच्या मुलखात जात नाही. नळ मात्र मी सोडला नाही. राग आला म्हणून तहान थांबते थोडीच.

चैत्रात ओढ्याकडचा नळ आटला. त्या दिवशी ज्यो पुण्याहून आला तो ओठ पांढरे पडलेला. त्यानं चावी फिरवली, नळावर हात आपटला, खाली वाकून पाहिलं. थेंब नाही. मग पहिल्यांदाच त्यानं भटारखान्याच्या नळाकडे पाहिलं. पण भटारखान्याच्या पायरीवर गोरा सार्जंट बसला होता. तळाचा सगळा कारभार त्याच्या हातात. लाल मानेचा, सदा काही चघळणारा. ज्यो जागचा हलला नाही.

मला राहवलं नाही. भटारखान्याच्या नळावर एक डबा भरला आणि ओढ्याकडे गेले. ज्योनं ओंजळ पुढं केली आणि मी ओतायला लागले. ओतता ओतता माझी नजर माझ्याच हातावर गेली. हात उंच, डबा वर, शिंतोडा उडू नये म्हणून पदर मागं घेतलेला! अगदी त्या मराठ्याच्या सुनेसारखा. पाणी देण्याची दुसरी रीत मी जन्मात पाहिलेलीच नव्हती. शिसारी आली मला त्या हाताची.

ज्योनं वर पाहिलं. काय समजायचं ते समजला असावा. त्यानं डब्याची कड धरली आणि हळूच डबा खाली ओढला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. डब्याला तोंड लावून तो प्याला, उरलेलं पाणी माझ्यापुढं धरलं. मीही त्याच डब्याला तोंड लावलं.

एवढ्यात सार्जंट धावत आला. लाथ मारून त्यानं डबा उडवला आणि ज्योवर असा काही भुंकला की बरॅकीतली माणसं बाहेर आली. ज्यो ताठ उभा राहिला, समोर बघत. मागोमाग महिपती पळत आला. इतके दिवस पोटात ठेवलेलं त्याला आता ओकायचं होतं.

“राजमहंमद, सांग सायबाला,” तो धापा टाकत म्हणाला, “ही म्हारीन हाय. हिचा हात लागल्यापासनं आमी त्या नळाचं पानी पीत न्हाई. हिला बी तिकडंच घाला म्हनावं, त्या काळ्यांत.”

राजमहंमद घुटमळला. माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घालून त्यानं सांगितलं. त्यालाही घरची चूल पेटवायची होती.

सार्जंटनं पुन्हा सांगायला लावलं. आणि मग तो हसला. राग कुठच्या कुठं गेला. परक्या मुलखात गाववाला भेटावा तसा त्याचा चेहरा खुलला. कुठं अमेरिका आणि कुठं मावळ! एकाला दुसऱ्याच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण एवढी एक गोष्ट दोघांना न शिकवता येत होती. त्यानं माझ्याकडे बोट केलं, मग आटलेल्या नळाकडे केलं. माझा नळ गेला.

महिपती फुलून आला. सायब आपल्यावर खूश झाला म्हणून त्यानं हात पुढं केला, सायब सायबाशी मिळवतात तसा. सार्जंटनं त्या हाताकडे पाहिलं. स्वतःचा हात मागं घेतला, खिशातून सिगारेट काढली आणि महिपतीच्या तळव्यावर वरून सोडली. बोटाला बोट लागू दिलं नाही. महिपतीनं झटकन दुसरा हात जोडून ती ओंजळीत झेलली, कमरेत वाकून.

ज्योनं ते पाहिलं. मी पाहिलं. आम्हा दोघांना हसू आलं नाही.

सार्जंट गेल्यावर महिपती राजमहंमदला म्हणाला, “सायबानं सवताच्या हातानं दिली, बगितलंस का?”

“मुकादम,” मी म्हणाले, “वरून दिली. तुमी आमाला देता तशी.”

तो माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं. पण तो थांबला. दोन्ही तळवे उघडून त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग एकेक करून ते धोतराला पुसले, चांगले घासून. सिगारेट मात्र त्यानं टाकली नाही. ती त्यानं कानावर ठेवली.