पोटात औषध, तोंडाला कुलूप

मी एक जुना कंटेनर आहे. मित्रांनो, बंदरात एकावर एक रचलेले लोखंडी खोके पाहिलेत ना? त्यांतलाच मी एक. नाकं मुरडू नका. लोखंडाला जीव नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी भर ऑक्टोबरात दुपारी माझ्या पाठीला हात लावून पाहावा!

माझा जन्म एका बंदरालगतच्या कारखान्यात झाला. तरुणपणी मी चिक्कार हिंडलो. कधी पोटात चहा, कधी साबण, एकदा तर नुसत्या बाहुल्या. अंगाला पोचे पडले तेव्हा मला आफ्रिकेतल्या मालावीत आणलं आणि सरोवराकाठच्या एका दवाखान्यामागे विटांवर बसवलं. आत फळ्या ठोकल्या, छपरावर उन्हावर चालणारा पंखा लावला. बाहेरून सातासमुद्रापलीकडच्या एका देशाचं नाव ठळक अक्षरांत रंगवलं, कारण पैसा त्यांचा होता. मी औषधांचं कोठार झालो. त्या दिवशी बाया नाचल्या, भाषणं झाली. एका पाहुण्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "भक्कम आहे हं!" मी फुगलो. खोटं कशाला बोलू?

एड्सचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. मी येण्याआधी इथल्या सुताराला शवपेट्यांपुढे दुसरं काम उरलं नव्हतं म्हणतात. माझ्या पोटातून गोळ्या मिळायला लागल्या. रोज एक गोळी, जन्मभर. हळूहळू सुतार पुन्हा खाटा आणि स्टुलं करू लागला. दूरच्या पाड्यांवरच्या बायांनी तर गट केले होते. दर खेपेला गटातली एकच बाई पायपीट करायची आणि सगळ्यांच्या गोळ्या चितेंज्याच्या, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या, गाठीत बांधून न्यायची. लिनेसी नावाची हसरी पोर आली की नर्स एनिफा तिची थट्टा करायची.

"काय गं, पुन्हा तूच? बाकीच्यांचे पाय काय भाड्यानं दिलेत?"

"त्यांना सरोवरावर मासळी वाळवायची असते, सिस्टर. मला मेलीला कोण विचारतं!"

असे दिवस होते ते. चांगले होते.

मग एके दिवशी त्या दूरच्या देशातल्या मोठ्या लोकांनी मन बदललं. का, ते लोखंडाला काय कळणार? इथल्या माणसांनाही कुणी सांगितलं नाही. हुकूम एवढाच आला, की जिथे आहे तिथे थांबा, काही हलवू नका. शहरातून माणसं आली. त्यांनी माझ्या दाराला कुलूप घातलं, वर लाखेचं सील लावलं. किल्ली जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी काचिंग्वेसाहेब यांच्या ताब्यात राहिली, पण ती वापरायची मनाई.

मित्रांनो, उपाशी माणसाचं दुःख सगळ्यांना कळतं. माझं दुःख उलटं होतं. माझं पोट गच्च भरलेलं, दारात माणसं रांगेत, आणि तोंड बंद. पंख्याची वायर जाताना काढून नेली. आत उकडायचं. बाळांसाठीच्या औषधी सरबताच्या बाटल्या तिसऱ्या फळीवर तशाच उभ्या होत्या. मी कितीदा मनाशी म्हटलं, सड रे मेल्या, गंज, पड एकदाचा! पण भक्कम होतो ना मी. तीच माझी शिक्षा झाली.

दर आठवड्याला काचिंग्वेसाहेब सील जागेवर आहे का ते बघायला यायचे. माणूस वाईट नव्हता. एनिफा त्यांच्याशी भांडायची.

"साहेब, लिनेसीला आठवा महिना लागलाय. बाळ झाल्याबरोबर त्याला सरबत पाजायला हवं. नाही पाजलं तर आईचा आजार बाळाला लागेल."

"मला कळत नाही का? पण सील तोडलं तर उद्या म्हणतील, यांनी चोरलं. मग या जिल्ह्याला पुन्हा कोणी छदाम देईल का? आज दहा जणांना देऊ आणि उद्या हजारांना मारू?"

एनिफा पाय आपटत रांगेकडे परत गेली. 

तिकडे पाड्यावर बायांनी आपल्या परीनं तोड काढली, आणि घात केला. या गावात शेजारणीची चूल थंड असताना कुणी एकटं जेवत नाही. त्याच रीतीनं ज्यांच्याकडे गोळ्या शिल्लक होत्या त्यांनी संपलेल्यांना वाटून दिल्या. सगळ्याच जणी एक दिवसाआड खाऊ लागल्या. एनिफाला कळलं तेव्हा तिनं सगळ्या जणींना माझ्या सावलीत गोळा केलं.

"अगं बायांनो, हा काय मक्याच्या पिठाचा न्सिमा आहे वाटून खायला? असं अर्धवट खाल्लं तर औषध कुणालाच लागू पडत नाही!"

"मग काय करायचं?" म्हातारी अबिती फणकारली. गावातल्या प्रत्येक मयताला रडणं हीच सुरू करायची. "तिच्या डोळ्यांदेखत मी एकटीनं गिळायचं? घशाखाली उतरेल का?"

मग एका पहाटे लिनेसी बाळंत झाली. मुलगी झाली. मी बंद दाराआडून तिचं रडणं ऐकलं. सरबत माझ्या पोटात, आणि ती वीस पावलांवर. काय सांगू तुम्हाला!

उजाडताच अबिती आली. मागून बाया आल्या, चटया घेऊन. माझ्याभोवती चटया पसरल्या, डोकी झाकली, आणि अबितीनं मयताचं गाणं सुरू केलं. पुरुष आंब्याखाली जाऊन बसले. मयताच्या जेवणासाठी मोठ्या हंड्याखाली जाळ लागला. एक म्हातारा भीत भीत म्हणाला, "अबिती, जिवंत माणसांसाठी रडू नये. मरण हाक ऐकतं."

"ऐकू दे. ज्यांनी ऐकायचं ते तरी कुठे ऐकतायत?"

साहेब त्या दिवशी नेमके सील बघायला आले. मयत दिसल्यावर इथे कुणी पुढे जात नाही, मग तो कितीही मोठा असो. त्यांनी गाडी लांबच थांबवली, टोपी काढली आणि पुरुषांत जमिनीवर बसले. हळूच विचारलं, "कोण गेलं?"

अबितीनं एनिफाला खूण केली. एनिफानं फडक्यात गुंडाळलेली मुलगी आणून साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"ही जिवंत आहे!" साहेब दचकले.

"आहे की," अबिती म्हणाली. "ही आहे, हिची आई आहे, मीही आहे. आम्ही आधीच रडून घेतोय, बाळा. नंतर आमच्यासाठी रडायला इथे उरणार कोण? आता तू मयताला आलास. मयताला रिकाम्या हातानं येत नाहीत, हे तुझ्या आईनं शिकवलंय ना? काय आणलंस?"

साहेबांचा चेहरा कसानुसा झाला. खिशात हात गेला. पैसे नाही, किल्ली निघाली. ते उठले, मुलीला तसंच छातीशी धरून माझ्यापाशी आले आणि एका झटक्यात सील तोडून कुलूप काढलं.

माझं दार किंचाळतच उघडलं. मी रडलो म्हणा हवं तर. एनिफा आत धावली, बाटल्या चाचपल्या, तारीख पाहिली, आणि मुलीच्या जिभेवर सरबत सोडलं. मुलीनं तोंड वाकडं केलं. लिनेसी दवाखान्याच्या दारात भिंतीला धरून उभी होती, ती हसायला लागली. मग सगळ्याच हसल्या, रडता रडता. हंड्यातला मयताचा न्सिमा सगळ्यांनी वाळक्या मासळीबरोबर पोटभर खाल्ला.

मुलगी वाचली. पुढे तिचं रक्त तपासलं, त्यात आजार सापडला नाही. अबितीसाठी मात्र माझं दार उशिरा उघडलं. एक दिवसाआड खातेय असं सांगून तिनं आपल्या गोळ्या जवळजवळ सगळ्याच लिनेसीला दिल्या होत्या. पावसाळ्याआधी ती गेली. तिच्या मयताला रडणं लिनेसीनं सुरू केलं.

काचिंग्वेसाहेबांना शहरात बोलावून घेतलं. ते परत आले नाहीत. नवे साहेब आले. तोवर माझ्यातली शेवटची गोळीही वाटून झाली होती. त्यांनी मला आतून बाहेरून नीट तपासलं, आणि माझ्या रिकाम्या पोटाला नवं, पहिल्यापेक्षा मोठं कुलूप लावून गेले.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, कुणाला तरी काही द्याल. जरूर द्या. माझ्यावर तुमचं नाव रंगवा, भाषणं करा, माझी ना नाही. फक्त किल्ली बरोबर नेऊ नका. ती इथल्याच एखाद्या बाईच्या चितेंज्याच्या गाठीत राहू द्या.